पास्कलची पैज अर्धी छापू नका

संपादक महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत सतराव्या शतकातला फ्रेंच गणिती आणि धर्मचिंतक ब्लेझ पास्कल याच्यावर लेख आला. मराठीत या माणसाचे नाव निघते ते बहुधा विज्ञानाच्या पुस्तकात, द्रवाच्या दाबाच्या धड्यापुरते. त्याच्या धर्मचिंतनाला एका दैनिकाने अर्धे पान दिले, याचा आनंद आहे. पण त्या अर्ध्या पानात उभा राहणारा पास्कल असा: विज्ञानात मोठी मजल मारलेला तरुण, 1654 साली एका रात्री घाबरून देवाकडे वळला आणि विज्ञान सोडून बसला, मग ‘देव असलाच तर नरक चुकेल, नसला तर काय बिघडले’ असा, ‘पैज’ म्हणून ओळखला जाणारा सल्ला देऊन गेला, आणि जाता जाता ‘खोलीत शांत बसायला शिका’ असेही सांगून गेला. शेवटी त्याच्यावर ‘इहवादी आधुनिकतेचा शत्रू’ असा शिक्का मारला आहे. आधुनिकतेवर त्याने टीका केली, आणि ती फार खोल जाते, हे खरे. पण ती टीका कशावर आहे हे लेखात कुठेच आलेले नाही. ते सांगायला थोडी जागा लागेल, तेवढी द्यावी.

आधी विज्ञान सोडल्याची गोष्ट. 23 नोव्हेंबर 1654 च्या रात्रीचा अनुभव त्याने चर्मपत्रावर लिहून कोटाच्या अस्तरात शिवून ठेवला होता, हे बरोबर आहे. पण त्यानंतर 1658 मध्ये सायक्लॉइड या वक्ररेषेवर त्याने युरोपभरच्या गणितज्ञांना जाहीर आव्हान दिले. आणि मरणाच्या पाच महिने आधी, 18 मार्च 1662 रोजी, पॅरिसमध्ये त्याच्या कल्पनेतली भाड्याची गाडी सुरू झाली: पोर्त सें-आंत्वान ते लक्झेंबर्ग हा पहिला मार्ग, सात घोडागाड्या, माणशी 5 सू भाडे, आणि उतारू असोत-नसोत ठरल्या वेळी गाडी सुटणार. शहरातली सार्वजनिक वाहतूक म्हणतात तिची ही सुरुवात. (पॅरिसच्या न्यायसभेने शिपाई, नोकरचाकर आणि मजूर यांना या गाड्यांत बसायला मनाई केली, तो दोष पास्कलच्या माथी मारता येणार नाही.) त्या नफ्यातल्या आपल्या वाट्यापैकी 1000 फ्रँक आगाऊ मिळावेत, ब्लुआच्या भागातल्या गरिबांना पाठवायचे आहेत, अशी त्याची धडपड होती. जगाकडे पाठ फिरवून बसलेला माणूस हे करत नाही.

विज्ञानाशी त्याचे नाते कसे होते, हे बघायला एकच प्रयोग जवळून पाहू. 19 सप्टेंबर 1648. पास्कल पॅरिसमध्ये, त्याच्या सांगण्यावरून त्याच्या बहिणीचा नवरा फ्लोरें पेरिए क्लेर्मों गावात हा प्रयोग करतो. 16 पौंड पारा, चार-चार फूट लांबीच्या दोन सारख्या काचनळ्या, एका टोकाला बंद. गावातल्या मठाच्या बागेत दोन्ही नळ्या पाऱ्याने भरून पाऱ्याच्या भांड्यात उलट्या उभ्या केल्या: दोन्हींत पारा 26 इंच साडेतीन रेषा (तेव्हाच्या फ्रेंच इंचात 12 रेषा). एक नळी तिथेच ठेवून दिवसभर तिच्यावर नजर ठेवायला एका मठवासियाला बसवले. दुसरी नळी घेऊन मंडळी जवळच्या प्युई-द-दोम डोंगराच्या माथ्यावर चढली. तिथे पारा 23 इंच 2 रेषा. एकदाच मोजून थांबले नाहीत. माथ्यावर वेगवेगळ्या जागी पाच वेळा मोजले: उघड्यावर, आडोशाला, वाऱ्यात, धुके-पावसात. आकडा तोच. खाली आले तर बागेतली नळी दिवसभर जागची हललेली नव्हती. फरक 3 इंच दीड रेषा, आणि तो हवेच्या वजनाचा. ‘निसर्गाला पोकळीचे वावडे आहे’ हे शतकानुशतकांचे वचन त्या दिवशी उखडले गेले. बागेत मागे ठेवलेली ती दुसरी नळी महत्त्वाची आहे. तिच्यावाचून कोणीही म्हणू शकला असता की दिवसाचे हवामानच पालटले असेल.

पोकळीवरच्या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत त्याने हद्दी आखून दिल्या आहेत. कोण राजा कधी गादीवर बसला, धर्मग्रंथात काय आहे, हे प्रश्न साक्षीने आणि आप्तवचनाने सुटतात. पारा किती चढतो हा प्रश्न डोळ्यांनी आणि बुद्धीने सुटतो. तिथे अरिस्टॉटलचे नाव सांगून उपयोग नाही. पुढे हेच त्याने तीन पातळ्यांत मांडले: देहाची, बुद्धीची आणि प्रेमाची. राजे, धनवान, सेनापती पहिल्या पातळीत थोर, आर्किमिडीज दुसऱ्या, संत तिसऱ्या. एका पातळीचे मोठेपण दुसऱ्या पातळीवर दिसत नाही, आणि खालच्या पातळीतले कितीही एकत्र केले तरी त्यातून वरच्या पातळीतला कणही निपजत नाही. जुलूम कशाला म्हणायचे? आपल्या हद्दीबाहेर सर्वांवर राज्य करण्याच्या इच्छेला. ‘मी देखणा आहे म्हणून मला भ्या, मी बलवान आहे म्हणून माझ्यावर प्रेम करा’ ही त्याने दिलेली उदाहरणे.

पास्कलची सगळी टीका या एका शब्दावर उभी आहे: हद्द. समकालीन तत्त्वज्ञ आणि गणिती देकार्त याच्यावर त्याचा राग कशासाठी? ‘देकार्तला आपल्या साऱ्या तत्त्वज्ञानात देवावाचून भागवायचे होते, पण जगाला गती द्यायला त्याच्याकडून एक टिचकी मारून घ्यावीच लागली, आणि पुढे त्याला देवाचे काही काम उरले नाही.’ (हे वाक्य त्याच्या हस्तलिखितात नाही; त्याच्या भाचीने सांगितलेले आहे, म्हणून तेवढ्याच वजनाने घ्यावे.) देकार्तच्या भूमितीशी त्याचे भांडण नव्हते. भूमितीच्या रीतीने माणसाचे अंतिम प्रश्नही निकालात काढू, ही हाव त्याला खुपत होती.

आणि हीच फूटपट्टी त्याने रोमलाही, म्हणजे पोपच्या धर्मपीठालाही लावली, हे आपल्याकडे कधीच सांगितले जात नाही. ‘प्रांतीय पत्रे’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या अठरा पत्रांपैकी शेवटच्या, 24 मार्च 1657 च्या पत्रात तो येशूसंघी (जेझुइट) पाद्र्यांना सुनावतो: गॅलिलिओविरुद्ध तुम्ही रोमचा निर्णय मिळवलात तो व्यर्थ, पृथ्वी स्थिर आहे हे त्याने सिद्ध होणार नाही. ती फिरते असे पक्क्या निरीक्षणांनी ठरले, तर जगातली सगळी माणसे मिळूनही तिचे फिरणे थांबवू शकणार नाहीत, आणि तिच्याबरोबर आपले फिरणेही. ज्या वर्षी हे लिहिले त्याच वर्षी ही पत्रे रोमच्या निषिद्ध ग्रंथांच्या यादीत गेली. तरी तो कॅथलिकच राहिला आणि मरताना आपल्या चर्चचे अंतिम संस्कार घेऊनच गेला. श्रद्धावंतांनी बुद्धिवाद्यांना मारायला किंवा बुद्धिवाद्यांनी श्रद्धावंतांना हिणवायला त्याचे नाव वापरले, तर दोन्ही बाजूंनी निम्मा पास्कल गाळलेला असतो.

त्याचे सगळेच बरोबर होते असे नाही. याच पत्रांपैकी पाचव्यात हिंदुस्थान आणि चीनचा उल्लेख आहे: तिथले येशूसंघी नवख्रिस्त्यांना मूर्तीपुढे वाकू देतात, कपड्याखाली ख्रिस्ताची प्रतिमा लपवायची आणि मनातल्या मनात पूजा तिच्याकडे वळवायची, अशी मुभा देतात, असा आरोप. हा त्याने डॉमिनिकन आणि फ्रान्सिस्कन या दुसऱ्या कॅथलिक संघांतल्या पाद्र्यांच्या तक्रारींवरून उचलला होता. त्याच संघाच्या थॉमस स्टीफन्सचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये, आणि एतिएन द ला क्रुआ या फ्रेंच पाद्र्याचे ‘पीटर पुराण’ 1629 मध्ये गोव्यात छापले गेले होते. परक्या भाषेत शिरून ओव्या लिहिणारी ही मेहनत पॅरिसमधल्या भांडणात कोणाच्या गणतीत नव्हती. मराठी वाचकाला पास्कलचा तो परिच्छेद एकतर्फी वाटला तर ते रास्त आहे.

आता पैज. लेखातली मोठी पडझड इथे झाली आहे. ही पैज पास्कलने कुठे छापली नाही. चार पानांवर, गच्च ओळींत, समासात उभे-आडवे-उलटे भर घालत लिहिलेला तो मजकूर आहे, मरणानंतर ‘विचार’ या नावाने निघालेल्या त्याच्या टिपणांतला. माथ्यावर दोनच शब्द: ‘अनंत. काही नाही.’ तो समजायला 1654 च्या उन्हाळ्यातला, फर्मा या गणितज्ञाशी झालेल्या पत्रव्यवहारातला एक हिशेब आधी पाहावा लागतो.

दोघे खेळतात. प्रत्येकाने 32 मोहरा लावल्या, एकूण 64. जो आधी तीन डाव जिंकेल त्याला सगळे. खेळ मध्येच मोडला तर पैसे कसे वाटायचे? समजा पहिल्याचे दोन डाव, दुसऱ्याचा एक. पुढचा डाव पहिल्याने जिंकला तर त्याला 64. हरला तर 2-2, म्हणजे दोघांना 32-32. तेव्हा पहिला म्हणेल: ‘32 माझ्याच आहेत, हरलो तरी. उरलेल्या 32 कदाचित माझ्या, कदाचित तुझ्या; त्या निम्म्या करू.’ म्हणून 48 आणि 16. समजा 2-0 असताना मोडला: पुढचा डाव हरला तरी 2-1, म्हणजे 48 पक्क्या, उरलेल्या 16 निम्म्या, म्हणून 56 आणि 8. आणि 1-0 असताना: जिंकला तर 56, हरला तर 32, 32 पक्क्या, वरच्या 24 निम्म्या, 44 आणि 20. उलटीकडून मागे येत जायचे, दर टप्प्याला पक्के आणि अनिश्चित वेगळे करायचे. संभाव्यतेचे गणित इथून उभे राहते. न झालेल्या गोष्टीचीही आज काही किंमत ठरते, आणि ती बुद्धीनेच ठरते, हे त्यातले नवे.

पैजेतला सामनेवाला हेच गणित जाणणारा, जुगाराच्या टेबलावर बसणारा, सभ्य, निधर्मी माणूस आहे. पास्कल त्याला म्हणतो: केवळ नैसर्गिक बुद्धीने बोलू. देव आहे किंवा नाही. बुद्धी इथे काही ठरवू शकत नाही. मग तो माणूस म्हणतो, तर शहाणपण पैज न लावण्यात आहे. उत्तर: ‘हो, पण पैज लावावीच लागते. ती तुमच्या मर्जीवर नाही. तुम्ही नावेत बसलेले आहात.’ हे वाक्य वगळले की पुढचे सगळे कोसळते, आणि लेखात नेमके तेच वगळले आहे. जगणे चालूच असते. देव असल्यासारखे किंवा नसल्यासारखे, दोहोंपैकी एका रीतीने तुम्ही रोज जगताच. निर्णय लांबणीवर टाकणे हाही या खेळात एक डाव आहे.

यानंतर किंमत. लावायचे काय? एक आयुष्य, मर्यादित. दोन्ही बाजूंची शक्यता सारखी असेल आणि जिंकून दोन आयुष्ये मिळणार असतील तरी लावायला हरकत नाही; तीन मिळणार असतील तर न लावणे मूर्खपणा; इथे तर मिळायचे ते अनंत आहे, आणि हरण्याच्या शक्यता मर्यादित. सामनेवाला म्हणतो, जे लावतो ते नक्की जाते, जे मिळेल ते अनिश्चित. पास्कल सांगतो, प्रत्येक खेळाडू हेच करतो: नक्की ते लावून अनिश्चित ते मिळवू पाहतो, आणि त्यात तो बुद्धीविरुद्ध वागत नाही. वरच्या 48 आणि 16 चा हाच न्याय.

लक्षात घ्या, या हिशेबात नरक कुठेच नाही. एका पारड्यात अनंत लाभ, दुसऱ्यात मर्यादित भांडवल, एवढेच. ‘नरकाच्या भीतीने देव माना’ हे सार कोणी काढले असेल ते मूळ मजकुरातून काढलेले नाही. दोन उभ्या, दोन आडव्या रकान्यांचा जो तक्ता लेखाबरोबर छापला आहे, तोही पास्कलचा नाही. तो विसाव्या शतकातल्या निर्णयशास्त्राचा.

पैजेवरचे आक्षेप खरे आहेत आणि ते नीट मांडायला हवेत. एखाद्याने देव असण्याची शक्यता शून्यच धरली तर अनंताला शून्याने गुणून काही हाती लागत नाही. पैज फक्त ‘बुद्धी ठरवू शकत नाही’ हे मान्य करणाऱ्याशी आहे. फ्रेंच विचारवंत व्हॉल्तेरने 1734 मध्ये म्हटले की एखादी गोष्ट मानण्यात माझा फायदा आहे, हा ती गोष्ट असल्याचा पुरावा होत नाही. हे बरोबर आहे, पण पास्कलने तो पुरावा म्हणून दिलेलाच नव्हता. त्याचाच समकालीन दिदरो याचा टोला जास्त जड आहे: हेच सगळे एखादा इमामही म्हणू शकेल. कोणत्या देवावर लावायचे, हे पैज सांगत नाही. पास्कलच्या नियोजित धर्मसमर्थक ग्रंथाच्या आराखड्यात त्याचे उत्तर इतर प्रकरणांत होते (धर्मांची तुलना, भविष्यवाण्या, चमत्कार), आणि पैजेतला माणूस ‘पत्त्यांची खालची बाजू बघता येत नाही का?’ असे विचारतो तेव्हा त्याला ‘येते, धर्मग्रंथ वगैरे’ असे उत्तर मिळते. ती प्रकरणे आज अनेकांना पटणार नाहीत. म्हणून पैज एकटी उचलून देवाच्या अस्तित्वाचा दाखला म्हणून छापली की ती हमखास हरते. आणखी एक अडचण गणिताची: अनंत एकदा हिशेबात आले की नाणे उडवून निर्णय घेणाऱ्याचा अपेक्षित लाभही अनंतच निघतो, आणि चांगला डाव-वाईट डाव हा भेदच पुसला जातो. माझ्या मते पैजेचे खरे कच्चे टाके इथे आहेत.

पण पैजेचा नेम दुसरीकडे आहे. हिशेब पटल्यावर तो माणूस म्हणतो: ‘पटले, पण माझे हात बांधलेले आहेत, माझी घडणच अशी आहे की विश्वास ठेवता येत नाही. मी काय करू?’ इथे पास्कलला हवे होते ते घडलेले असते. आजवर तो माणूस म्हणत होता की बुद्धी आड येते. आता बुद्धी आड नाही, तरी पाऊल उचलत नाही. म्हणजे अडथळा वासनांचा होता. म्हणून पुरावे वाढवू नका, वासना कमी करा. आधी जे बरे झाले त्यांच्या वाटेने चला: तीर्थजल घ्या, प्रार्थना म्हणवून घ्या. ‘याने तुमची श्रद्धा बसेल आणि तुम्हाला जनावरपण येईल.’ या शेवटच्या शब्दावर पुढे फार गहजब झाला. 1670 च्या पहिल्या आवृत्तीत संपादकांनी हे वाक्य गाळूनच टाकले. पण त्याचे स्पष्टीकरण पास्कलनेच दुसरीकडे दिले आहे: माणूस जितका मन आहे तितकाच यंत्र आहे, पुराव्याने मन वळते, सवयीने यंत्र वळते, आणि यंत्र मनाला नकळत ओढून नेते. मराठीत त्याला चपखल शब्द आहे, अंगवळणी पडणे. अंग वळले की मन वळते. उद्या सूर्य उगवेल हे कोणी सिद्ध केले आहे, असे तो विचारतो. तरी त्याहून पक्के आपण काय मानतो? अविश्वासही असाच अंगवळणी पडलेला असतो, ही त्याची आधुनिक माणसाला खरी चपराक आहे.

यापुढे त्याची टीका जिथे सगळ्यात धारदार होते तो तुकडा तर लेखात नावालाही नाही. पास्कलच्या ओळखीत दामियें मितों नावाचा गृहस्थ होता, सौजन्याचा आदर्श. त्याचे म्हणणे असे: देवाधर्मावाचून माणसे एकमेकांशी गोडीने वागू शकतात, स्वतःला जरा मागे ठेवावे, दुसऱ्याला बरे वाटेल असे करावे, पुरे. पास्कल त्याला थेट हाक मारून लिहितो: ‘मी’ तिरस्करणीय आहे, मितों, तुम्ही तो झाकता, काढून टाकत नाही. मितों म्हणतो, सगळ्यांशी आर्जवाने वागलो तर आमचा तिरस्कार करायला कारण काय? उत्तर: ‘मी’चा फक्त त्रासच खटकत असता तर कारण नव्हते. पण तो अन्यायी आहे, स्वतःला सगळ्याचे केंद्र करतो. तुम्ही त्याचा त्रास काढलात, अन्याय नाही. म्हणून ज्यांना अन्याय चालतो त्यांनाच तुम्ही आवडाल. याच ओघात तो कबूल करतो की माणसांनी लोभातूनच शासनाचे, नीतीचे, न्यायाचे उत्तम नियम काढले आहेत. स्वार्थ एकमेकांना पुरवत राहतात आणि गाडी चालते. पाच सूंच्या गाड्या त्यानेच काढल्या होत्या. व्यवहार कसा चालतो हे त्याला कोणी शिकवायला नको होते. त्या सुरळीतपणाला पुण्य म्हणायला मात्र तो तयार नव्हता: खालचा गाळ फक्त झाकलेला आहे. पुढच्या शतकात बाजाराचे तत्त्वज्ञान करणाऱ्यांनी पहिला अर्धा भाग घेतला आणि दुसरा सोडून दिला.

खोलीचे वाक्य. ‘माणसाचे सारे दुःख एकाच गोष्टीतून येते: त्याला खोलीत स्वस्थ बसता येत नाही.’ हे अलीकडे मोबाइल बाजूला ठेवा, ध्यान करा, या सल्ल्याच्या माथ्यावर छापतात. मूळ तुकडा पुढे वाचा. त्याच परिच्छेदाच्या पुढे पास्कल म्हणतो की कारण सापडले, आता कारणाचे कारण शोधू: खोलीत बसला की माणसाला आपली मर्त्य, दुबळी अवस्था दिसते, आणि तिच्यावर काहीच उतारा नाही. म्हणून शिकार, म्हणून जुगार, म्हणून मोठी पदे. सशाची शिकार करणाऱ्याला ससा आयता द्या, तो घेणार नाही. जुगाऱ्याला रोज सकाळी तो जिंकू शकेल तेवढे पैसे द्या, फक्त खेळू नको म्हणा. तो दुःखी होईल. बरे, पैशावाचून नुसते खेळू द्या. त्यातही त्याला रंग चढणार नाही. त्याला खेळ हवा आणि ‘हे जिंकले की मी सुखी’ ही स्वतःची फसवणूकही हवी. एकुलता एक मुलगा नुकताच गेलेला, कोर्टकचेऱ्यांनी पिचलेला माणूस आज त्याचे काही मनात आणत नाही, कारण सहा तास कुत्री ज्या रानडुकराच्या मागे आहेत ते कुठून बाहेर पडेल यावर त्याची नजर खिळली आहे. मंत्र्याचे पद म्हणजे काय, तर सकाळपासून इतकी माणसे येतात की स्वतःचा विचार करायला तासभरही मिळत नाही. पदावरून उतरून गावाकडच्या वाड्यात गेला, सगळे सुख हाताशी असले, तरी तो खचतो.

मग शांत बसणे हा उपाय? पास्कल तो स्पष्ट नाकारतो. स्टोइक पंथाचे प्राचीन तत्त्वज्ञ म्हणतात आत वळा, तिथे शांती आहे. ते खरे नाही. दुसरे म्हणतात बाहेर पडा, रमा. तेही खरे नाही, आजार येतात. सुख आपल्या बाहेर नाही आणि आतही नाही. ते देवात आहे, आणि म्हणून आत-बाहेर दोन्हीकडे. हे पटो न पटो, पण पास्कलच्या नावाने आत वळायला सांगणे म्हणजे त्याने खोडून काढलेले मत त्याच्याच तोंडी घालणे आहे. ‘हृदयाला आपली कारणे असतात’ या वाक्याची गतही तीच. ते प्रेमाच्या भेटकार्डांवर जाते. पास्कलच्या लेखी अवकाशाला तीन मिती आहेत, संख्या अनंत आहेत, हेही हृदयालाच कळते. सिद्धतेआधीची मूलतत्त्वे जिथे थेट उमगतात ती जागा, असा त्याचा अर्थ. तेव्हा भावना बुद्धीला हरवते असे म्हणायला हे वाक्य चालणार नाही; भूमितीही त्याच जागेवर पाय रोवून उभी आहे.

असे गोंधळ का होतात, याचे एक कारण कागदांत आहे. पास्कल मोठ्या कागदांवर लिहीत असे, एक विचार संपला की खाली आडवी रेघ. 1658 च्या सुमारास त्याने हे कागद रेघांवर कात्रीने कापले, कोपऱ्यात भोक पाडून दोऱ्यात ओवले आणि 27 गड्ड्या केल्या, प्रत्येकीला नाव. बाकीचे कागद तसेच राहिले आणि 19 ऑगस्ट 1662 रोजी तो 39 व्या वर्षी गेला. घरच्यांनी सापडल्या क्रमाने दोन नकला करून घेतल्या, हे फार शहाणपणाचे झाले. कारण 1670 च्या आवृत्तीने क्रम बदलला, शब्द सौम्य केले, आणि पुढे 1711 च्या सुमारास मूळ तुकडे मोठ्या वहीत जागा मिळेल तसे चिकटवले गेले. छापील मजकूर हस्तलिखिताशी जुळत नाही हे 1842 मध्ये व्हिक्तोर कुझें याने फ्रेंच अकादमीपुढे जाहीर केले. पुढच्या संपादकांपैकी ब्रुंश्विगने 1897 मध्ये विषयवार मांडणी केली. लाफ्युमाने पहिल्या नकलेचा क्रम धरला, सेलिएने 1976 मध्ये दुसऱ्या नकलेचा. त्यामुळे पैजेचा तुकडा ब्रुंश्विगमध्ये 233, लाफ्युमात 418, सेलिएत 680. वर सांगितलेला खोलीचा, म्हणजे मन रमवण्याचा तुकडा 139, 136, 168. नुसते ‘विचार, क्रमांक अमुक’ असे लिहिले की वाचक भलत्याच पानावर जातो. लेखातले दोन क्रमांक असेच दोन वेगवेगळ्या आवृत्त्यांतले एकत्र आले आहेत. शिवाय यातले बरेच तुकडे संवादाचे आहेत आणि बोलणाऱ्याचे नाव कुठे नाही. ‘या अनंत अवकाशांची चिरंतन शांतता मला भयभीत करते’ हे पास्कल स्वतः म्हणतो की त्याच्या निधर्मी सामनेवाल्याच्या तोंडी घालतो, यावर अभ्यासकांत आजही एकमत नाही. ते त्याच्या घाबरटपणाचा कबुलीजबाब म्हणून छापू नये.

तेव्हा विनंती एवढीच. दुरुस्ती छापणार असाल तर आवृत्तीचे नाव क्रमांकासोबत द्यावे, तो तक्ता काढावा, आणि पैजेचा तुकडा ‘तुम्ही नावेत बसलेले आहात’ या वाक्यासह आणि शेवटच्या ओळींसह द्यावा. त्या ओळी जवळजवळ प्रत्येक सारांशातून गळतात. सगळा हिशेब संपल्यावर सामनेवाला म्हणतो, तुमच्या या बोलण्याने मी भारावून गेलो. पास्कल त्याला सांगतो: हे बोलणे तुम्हाला आवडले असेल, जोरकस वाटले असेल, तर जाणून घ्या की ते करणारा माणूस बोलण्याआधी आणि बोलल्यानंतर गुडघे टेकून बसला होता.

आपला विश्वासू,
तत्त्वज्ञानाचा एक अभ्यासक, पुणे